बैलांच्या चुलीची राख

शिसं ओळखायला फार अक्कल लागत नाही. नखाने ओरखडावं; चकचकीत रेघ उठली तर शिसं, नाही उठली तर जस्त. कागदावर घासून पाहावं, पेन्सिलीसारखं उमटतं. तरीही शंका राहिलीच तर दाताखाली धरावं, दात रुततो. हे सगळे प्रकार मी दारव्ह्याच्या आठवडी बाजारात भर गर्दीत केलेले आहेत. कबाडी मला लांबून पाहूनच एकमेकांना म्हणायचे, "आली सुताराची बाई, जस्त झाका!" मला त्याचा मोठा गर्व वाटे.

माझी भाची नर्सिंग शिकते. ती म्हणाली, मावशी, तुझ्या दुखण्याचं लिहून काढ, एखाद्या बाईच्या कामी येईल. मी सातवीपर्यंत शिकलेली, लिहिता येतं. पण पोटात दुखायला लागलं तिथून सुरुवात केली तर ते अर्धंच सांगणं होईल. म्हणून शिशापासून सुरुवात केली.

शिसं आणायचं काम माझं

आमचे हे सुतार. वखर, तिफण, गाडीची चाकं ही बारमाही कामं, आणि पोळा जवळ आला की लाकडी बैल. आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तो लेकरांचा. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात. मग लेकरं आपापले खेळण्यातले बैल दोरीने ओढत घरोघर जातात आणि घरची बाई त्यांना बोजारा देते, म्हणजे काही खाऊ, नाहीतर हातावर एखादं नाणं. व्यापाऱ्यांच्या घरी सागाचा, चाकं लावलेला, शिंगांना बेगड चिकटवलेला बैल जायचा. मजुरांची लेकरं मातीचा बैल करत. तो दुसऱ्या-तिसऱ्या उंबरठ्यावर आपटून फुटे आणि लेकरू तिथेच भोकाड पसरे.

असंच एक पोरगं आमच्या दारात रडलं. हे हातातलं काम टाकून त्याच्याकडे पाहत राहिले. रात्री जेवताना म्हणाले, "फुटणार नाही असा बैल पाह्यजे. लहानसा, पर वजनदार."

मग त्यांनी अंगठ्याएवढा बैल सागात कोरला, चिकणमातीत दोन भागांचा साचा केला, भाजला, आणि त्यात शिसं ओतून पाहिलं. निघाला बैल. वशिंड, शेपूट, सगळं जागच्या जागी. त्या दिवशी आमच्या घरात सण होता.

पण शिसं आणायचं कुठून? नवं शिसं घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. ते काम मी अंगावर घेतलं. किराणा दुकानात चहा लाकडी पेट्यांतून येई आणि पेटीला आतून शिशाचा पातळ पत्रा असे. दुकानदाराच्या बायकोला मी सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या शेवया, करून द्यायची, ती मला पत्रा घडी घालून द्यायची. आमच्याकडे येणाऱ्या छोट्या गाडीच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या आगगाडीच्या, मालडब्यांना शिशाचे शिक्के ठोकलेले असत. डबा उघडला की हमाल ते तोडून फेकत आणि मालधक्का झाडणारी बाई ते माझ्यासाठी पदरात बांधून ठेवी. हे दोन्ही माल स्वच्छ, पण थोडे. बैलांना मागणी वाढली तसं पुरेना. तेव्हा मी मोटार स्टँडवर चौकशी केली. मोटारींच्या बाद बॅटऱ्यांतल्या पट्ट्या तिथे ढिगाने पडून होत्या. ह्यांनी तिथल्या मिस्त्रीला ट्रकच्या फळ्या बसवून द्यायच्या, त्याने आम्हाला पट्ट्या द्यायच्या, असं ठरलं. घरबसल्या खाण सापडल्याचा आनंद मला झाला.

त्या पट्ट्यांत अर्धं शिसं आणि अर्धी राखाडी-तांबूस माती असते. वितळवली की वर जाड साय धरते. अंगणात तीन दगडांची वेगळी चूल होती, तिला आम्ही बैलांची चूल म्हणायचो. तिच्यावर लोखंडी कढई. हे पळीने साय काढत आणि पळी चुलीच्या दगडावर आपटत. साय खाली राखेत पडे. बस, एवढंच. आमच्या घरात जे काही झालं ते त्या आपटण्यातून झालं.

आत्याबाई

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. सासू म्हटलं की लोक जे ऐकायला कान टवकारतात, ते त्यांच्यात नव्हतं. ऐन तरुणपणी विधवा झालेली बाई, एका लेकाला लोकांच्या शेतात निंदण करून वाढवलेलं. मी घरात आले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मले लेक नव्हती वं गया, आता झाली." आणि तसंच वागल्या. पुरणातला पहिला घास मला, थंडीत वाकळेची जाड बाजू मला.

त्यांना काही वाया गेलेलं खपत नसे. बैलांच्या चुलीत चांगल्या वाळलेल्या गोवऱ्या जळायच्या, तिची राख पांढरी आणि मऊ. ती त्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायच्या आणि डब्यात भरून ठेवायच्या. भांडी घासायला तीच, दात घासायला तीच. ह्यांना कडुनिंबाची काडी लागे. आत्याबाईंच्या तोंडात दातच उरले नव्हते. तेव्हा दातांची राख म्हणजे माझ्या एकटीची राख. हे मी आज हसत लिहिते, पण त्यातच सगळं आहे.

डोहाळे

पहिल्या वेळी मला राखेचे डोहाळे लागले. ज्यांना लागले नाहीत त्यांना हे वेड वाटेल. कोणाला कैरी हवी होते, कोणाला भाजकी माती. मला दात घासताना जिभेवर आलेली राख गोडसर लागली आणि मग तिच्याशिवाय चैन पडेना. लाज वाटे. पदराआड चिमूट तोंडात टाकायची. आत्याबाईंनी एकदा पकडलं आणि हसायलाच लागल्या.

"अवं, लपतं कायले? मी किसनाच्या वक्ताले चुलीचे पोपडे खाल्ले होते. डोहाळे मारू नाही, लेकराचे कान फुटते."

किसना म्हणजे आमचे हे. दुसऱ्या दिवसापासून माझ्या उशाशी राखेची पितळी वाटी असायची. चांगली चाळलेली, वर मिठाची कणी. घरच्या चुलीची नाही, बैलांच्या चुलीची, कारण ती जास्त पांढरी आणि मऊ. माझ्यासाठी चांगलं ते निवडून ठेवायची त्यांची रीतच होती.

सहाव्या महिन्यात पोट रिकामं झालं. मुलगा होता म्हणे. मला दाखवला नाही.

पोटात कळा मात्र राहिल्या. बेंबीभोवती कोणीतरी ओलं फडकं पिळावं तसं होई. भूक मेली, तोंड पांढरंफटक पडलं. वैद्याचे काढे झाले, देवाचा अंगारा झाला. वर्ष-सव्वा वर्षाने पुन्हा दिवस गेले, पुन्हा राखेचे डोहाळे, पुन्हा पितळी वाटी. ह्या वेळी पूर्ण दिवस भरले. लेकरू जन्मलं ते निपचित. सुईणीने त्याला उलटं धरलं, पाणी मारलं, पाठ चोळली. मी वाट पाहत होते की आता रडेल. ती हळूच त्याला फडक्यात गुंडाळायला लागली तेव्हा मला कळलं.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. हळदीकुंकवाला बोलावणी थांबली. एक शेजारीण आत्याबाईंना सरळच म्हणाली की किसनाचं दुसरं लगीन पाहा, ह्या बाईची कूस काळी आहे. आत्याबाई तेव्हा भांडी घासत होत्या. राखेचे हात तसेच घेऊन उठल्या.

"माह्या सुनेले बोलाचं नाही. पुन्हा ह्या अंगणात पाय ठेवशीन तं पाय मोडून ठेवीन."

मी आत बसून ऐकत होते. इतकं रडले की कळाही विसरले.

भाकर

तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मला आनंद झाला नाही, धास्ती बसली. मनात एकच होतं: हे लेकरू जगलं पाहिजे. मी जगले नाही तरी चालेल असंही मी देवाला म्हणून टाकलं होतं. ह्यांनी एक सागाचा बैल कोरायला घेतला. मला दाखवत नसत, पण खोलीच्या कोपऱ्यात भुसा दिसे.

एके सकाळी भाकर थापायला बसले. उजवा हात पिठावर टेकला, आणि उचलेना. बोटं हलत होती, दंड हलत होता, पण मनगटापासून पुढचा पंजा खाली लोंबत राहिला. डाव्या हाताने उचलून वर केला, पुन्हा पडला. मी परातीसमोर बसून हे किती वेळा केलं कोण जाणे. आत्याबाई आल्या, पाहिलं आणि माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं. भाकर त्यांनी थापली. मग लेकाला हाक मारली.

"किसना, इले यवतमाळले ने. आजच्या गाडीनं. पोळ्याचे बैल गेले खड्ड्यात."

वॉर्डातले दिवस

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात बायांचा वॉर्ड लांबलचक, फिनेलचा वास, छताला संथ पंखा. पहाटे झाडणारीण खाटांखालून केरसुणी फिरवे, मग दूध, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारची न सरणारी उन्हं. पुरुषांना आत राहू देत नसत. हे बाहेर लिंबाखाली घोंगडी टाकून राहिले. दिवसा कोणाच्या खाटेचा पाय, कोणाच्या कपाटाची बिजागरी दुरुस्त करत. त्यामुळे चौकीदारापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे त्यांना ओळखू लागले आणि मला पेज जरा गरम मिळू लागली.

माझ्या शेजारच्या खाटेवर धवळी होती. दारव्ह्याकडच्याच एका तांड्यावरची बंजारीण, पायाला गळू झालेली. दवाखान्याने तिच्या हातातले बलिये, म्हणजे दंडापर्यंतच्या बांगड्या, काढून ठेवले म्हणून तिचा सगळ्या जगावर राग. पण माझा उजवा हात चालत नाही हे तिने पहिल्याच जेवणाला ओळखलं आणि न विचारता घास भरवायला लागली. "माही पोरगी सासरी हाय," ती म्हणाली, "तिले कोण भरवून राह्यलं असन? म्हणून तुले भरवतो." तांड्यावरच्या बायका असंच 'भरवतो, जातो' बोलत. मला ते फार गोड वाटे.

मी सुधारत होते आणि मग बिघडत होते. चार दिवस कळा कमी, तोंडाला चव. मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. डॉक्टरांना उमगेना. मलाही उमगलं नाही. आत्याबाई दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी छोट्या गाडीने यायच्या. लाडू, धुतलेलं लुगडं, आणि तपकिरीच्या जुन्या डबीत राख. दवाखान्यात माझे डोहाळे कोण पुरवणार, ही त्यांची काळजी. डबी उशीखाली सरकवताना त्या डोळा मिचकावत. वॉर्डात सगळं परकं होतं, ती चव तेवढी घरची होती.

निळी रेघ

एका सकाळी मोठे डॉक्टर आले. उंच, कमी बोलणारे. त्यांनी माझा खालचा ओठ बोटाने दुमडला, खिडकीकडे तोंड करायला लावलं आणि बराच वेळ पाहिलं. हिरडीच्या काठाला निळी-काळी रेघ होती. मला ती दात घासून झालेली वाटत होती.

"तुमचे यजमान छापखान्यात आहेत का? रंगकाम करतात?"

"नाही. सुतार आहेत."

"घरात शिशाचं काही काम?"

मला हसू आलं. "शिसं तं हे वितळवतात, बैल करतात. पर त्यांले काही होत नाही. होतं तं मले होते."

ह्यांना आत बोलावलं. त्यांचेही ओठ दुमडून झाले. त्यांच्याकडे तशी रेघ नव्हती. हे वारा पाठीशी घेऊन बसायचे, जेवण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे. डॉक्टर विचारात पडले. जो कढईशी बसतो तो धडधाकट आणि जी घरात बसते तिचा हात लुळा, हे त्यांच्या हिशेबात बसेना. ते वळून निघालेच होते.

तेवढ्यात धवळी खाटेवर उठून बसली.

"डाक्टर, मी सांगतो. हे बाई राख खाते. मी भी माह्या येळी माती खाल्ली, चूल खाल्ली, समदं खाल्लं. मले तं काही झालं नाही. मंग तिलेच काहून झालं, थे तुमी पाहा."

माझ्या कानांच्या पाळ्या लाजेने तापल्या. डॉक्टरांनी हात पुढे केला. मी उशीखालची डबी काढून दिली. त्यांनी झाकण उघडलं, हुंगलं आणि एवढंच विचारलं, "ही कोणत्या चुलीची?"

बैलांच्या, असं म्हणता म्हणता मला पळीवरची साय आठवली. डबी परत मागितली. खाटेला लावलेल्या तक्त्याच्या कागदावर चिमूटभर राख ओतली आणि डाव्या हाताच्या बोटाने पसरली. पांढऱ्या भुकटीत पिवळट कण होते, आणि विरलेल्या फडक्यातून निसटलेली, मोहरीहून लहान अशी एक करडी गुठळी. मी ती नखाने दाबली. चकचकीत रेघ उठली. कागदावर ओढली. पेन्सिलीसारखी उमटली.

तिसरी परीक्षा करायची गरज नव्हती. ती मी तीन वेळच्या डोहाळ्यांत करत आले होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण किती सहज म्हणतो. आम्ही वैद्य केले, अंगारे केले, नवस बोललो, आणि कळसा माझ्या उशाशी पितळी वाटीत होता.

"आणि माझं लेकरू?" मी विचारलं.

डॉक्टर खोटं बोलले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. "आजपासून बंद करा. औषध सुरू करू. लेकराचं आत्ता सांगता येणार नाही," ते म्हणाले.

ते गेल्यावर हे खाटेच्या कडेला बसले. हातांकडे पाहत होते, स्वतःच्या. "म्या केलं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, पट्ट्या मी आणल्या. मग तिसरं नाव दोघांच्याही मनात आलं. बाजार दुसऱ्याच दिवशी होता. ती म्हातारी परवाच्या गाडीने डबी घेऊन येणार होती.

"आत्याबाईले सांगाचं नाही," मी म्हटलं. "कधीच नाही. थे बुढी मरून जाईन."

"मंग काय सांगाचं?"

"इहिरीचं पाणी बाधलं म्हणा."

धवळीने तिकडे तोंड केलं आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

मुलगी

औषधाचे दिवस मी सांगत नाही. सुया होत्या, कळा होत्या, दूध पिऊन पिऊन किळस आली होती. आत्याबाईंची डबी मी घ्यायची, पदराने तोंड पुसल्यासारखं करायची आणि त्या गेल्यावर सिस्टरकडे द्यायची. सिस्टर ती घेताना माझ्याकडे पाहत नसे. राखेची तलफ आली की मी खाटेची पट्टी चावायची.

आठव्या महिन्यात मुलगी झाली. ती रडली. मोठ्याने नाही, पण रडली, आणि सगळ्या वॉर्डाने ते ऐकलं. धवळी लंगडत उठली आणि आपल्या फेटियाची, म्हणजे घागऱ्याची, एक कवडी तोडून तिच्या उशाशी ठेवली. सिस्टरने नियम मोडून ह्यांना आत येऊ दिलं. त्यांनी कोरलेला बैल आणला होता. खाटेच्या लोखंडावर तो उभा केला. बैल मुलीहून फार लहान नव्हता.

आत्याबाई गाडीतून उतरून थेट आल्या. मुलीला मांडीवर घेतलं, फडकं बाजूला सारलं आणि आधी तिचे कान पाहिले. एक पाहिला, मग दुसरा. चेहऱ्यावर असं काही फुललं की मी दुसरीकडे पाहिलं.

"पाह्य वं गया, कान कसे नीट हायेत. डोहाळे पुरवले न आपण."

मुलीने दूध ओढलं नाही. कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करत राहिलो. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती माझ्या डाव्या हातावर होती, कारण उजव्यावर माझा भरवसा नव्हता. तिचा श्वास थांबला ते मला लगेच कळलं नाही. आत्याबाईंना कळलं. त्यांनी तिला माझ्या हातून घेतलं नाही, नुसता तिच्यावर आपला पदर घातला.

घरी

अंगणातली चूल ह्यांनी मोडून टाकली होती. साचे फोडले. उरलेलं शिसं कबाड्याला देऊन टाकलं. तो विचारत होता, सुतार, एवढा चांगला माल काहून देऊन राह्यला? हे त्याला सगळं सांगून आले. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि माल दुसऱ्या कोणाला दिला असेल. कोणाच्या अंगणात गेला, देव जाणे.

आणि बैल? दारव्ह्याच्या लेकरांच्या हातात आमचे बैल होते. लहान लेकरू हातातली वस्तू आधी तोंडात घालतं. हे दारोदार फिरले, लाकडी बैल द्यायचे आणि शिशाचा परत मागायचे. काही मिळाले, पुष्कळ मिळाले नाहीत. काही आया म्हणाल्या, हरवला. काही म्हणाल्या, द्यायचा आणि परत न्यायचा, ही काय रीत झाली? शेजारपाजारचं एखादं लेकरू फिक्कट दिसलं की आजही माझं काळीज लक्कन हलतं.

माझा हात हळूहळू परत आला. पहिल्यांदा पेला उचलला, मग वेणी घातली. भाकर थापली तेव्हा एका बाजूने जाड झाली. ह्यांनी ती जाड बाजू मागून घेतली.

भांडी घासायला मी विटकर कुटून तिचा भुगा वापरू लागले. आत्याबाईंनी काही विचारलं नाही. घरच्या चुलीची राख त्या परसात नेऊन टाकत.

पुन्हा दिवस गेले नाहीत. वर्षं गेली. महाराष्ट्र झाला, आमच्या गल्लीत विजेचा खांब आला, ह्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. तान्ह्या पोळ्याला लेकरं यायची तेव्हा बोजारा आत्याबाई द्यायच्या. मी आत काहीतरी काम काढायची. मला जमत नसे. ज्या कोणा बाईवर ही वेळ आली असेल तिला सांगते, नाही जमलं तरी चालतं.

विटकर

अशाच एका तान्ह्या पोळ्याला लेकरांचा घोळका येऊन गेला होता. आत्याबाई उंबरठ्यावर बसल्या होत्या, मी परसात विटकर कुटत होते. त्या हळूहळू भिंत धरत आल्या आणि माझ्याजवळ टेकल्या.

"गया, एक इचारू?"

"इचारा नं."

"तुमी म्हणता का इहिरीचं पाणी बाधलं. आपण अजून त्याच इहिरीचं पाणी पिऊन राह्यलो." त्या थांबल्या. धाप लागत असे. "अन् राखेले तू तवापासून हात नाही लावला."

माझा हात दगडावरच राहिला.

"मीच देली न वं वाटी?"

"मी मागतली होती, आत्याबाई."

"तू मागतली, पर चाळून म्या देली. चांगली पाहून देली." त्या विटकरीचा भुगा बोटांनी चिवडत होत्या. "तिचे कान पाहून मी हासली वं."

मी विचारलं, तुम्हाला कळलं कधी. मला वाटलं आज, काल, गेल्या वर्षी.

"पयल्याच दिशी. तू दवाखान्यातून आली, अन् आल्या आल्या इट फोडाले बसली. तईच समजलं. तुमी दोघं सांगत नाही म्हणून म्याही नाही सांगतलं."

इतकी वर्षं. त्या इतकी वर्षं माझ्यासमोर बसून जेवल्या, माझे केस विंचरले, दारात बोजारा वाटला, आणि हे पोटात ठेवलं, कारण मी ते त्यांच्यापासून लपवते आहे हे त्यांना दिसत होतं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मुलगी गेली त्या दिवशी मी रडले नव्हते, आत्याबाई समोर होत्या म्हणून. आता रडले. त्याही रडल्या. बाहेर कोणाचं तरी लेकरू दारात उभं राहून हाका मारत होतं, आजी, बोजारा, आजी, बोजारा. आम्हा दोघींनाही उठवेना. शेवटी हे कामावरून उठले आणि त्यांनी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आत्याबाई परसात बसून विटकर कुटत होत्या. मी दगड काढून घ्यायला गेले, त्यांनी दिला नाही. "हे काम आता माहं," म्हणाल्या. कुटून झालं की लुगड्याच्या फडक्यातून चाळायच्या, वस्त्रगाळ, पूर्वीसारखंच, आणि डब्यात भरून माझ्या हाताशी ठेवायच्या. डोळ्यांना दिसेनासं झालं तरी बोटांनी चाचपून चाळत.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. दहावं-तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, आणि मी भांड्यांचा ढीग घेऊन परसात बसले. डबा उघडला. त्यांनी तो काठोकाठ भरून ठेवला होता, दाबून दाबून, लाल, मऊ. मला तो पुढे बरेच दिवस पुरला.